छापली तीच किंमत

"घे. झालं साफ," अप्पासाहेब म्हणाले आणि पुस्तक दाराच्या उजेडाकडे धरून स्वतःच त्याच्यावर खूश झाले.

त्यांची मुलगी शैलजा त्यांच्या डोळ्यांत घालायचं औषध घेऊन नुकतीच परतली होती. दुकानात चप्पल काढून शिरायचं ही लांभात्यांकडची रीत. तिची एक चप्पल निघाली होती, दुसरी पायातच राहिली.

"अप्पा, हे कुठून काढलंत तुम्ही?"

"गल्ल्याखालच्या खणातून. रबर सापडत नव्हतं, ते शोधून राहिलो होतो. तर हे पेपरात गुंडाळलेलं. हातोदच्या पोरीचं ना? शनिवारी येणार म्हणालीस. मग असं मळकं द्यायचं का तिला?"

"आणि मागे... मागे काय केलं?"

"अगं, तेच तर सांगतोय! लबाडी बघ लोकांची. किमतीवर चांदीची पट्टी लावून ठेवली होती, बर्फीवर वर्ख लावतात तशी. मी म्हटलं, बेट्या, मला शिकवतो? खरवडली. तर खाली किंमत नाहीच! काहीतरी बारीक बारीक, मुंग्या चालल्यासारखं. रबर मिळालं, पण त्याने जाईना, मग ओलं फडकं घेतलं. आता बघ, आहे कुठे डाग?"

डाग कुठेच नव्हता. मागच्या कव्हराचा खालचा कोपरा पांढराफटक पडला होता आणि घासून घासून कागदाला लव आली होती. शैलजा "छान झालं," असं म्हणाली, आणि हे शब्द आपल्या तोंडून निघाले कसे याचं तिलाच नवल वाटलं. एरवी ती फटकळ म्हणून अख्ख्या बाजारात प्रसिद्ध.

आता त्या पट्टीत एवढं काय होतं ते सांगायला हवं. आणि ते सांगायचं तर आधी अप्पासाहेब सांगायला हवेत.

इंदूरच्या खजुरी बाजारातलं 'लांभाते बुक डेपो' म्हणजे दोन गिऱ्हाइकं शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरूनच पुस्तक मागावं एवढं दुकान. लांभात्यांच्या पणजोबांनी होळकरांच्या पागेत घोडे सांभाळले, आजोबांनी कचेरीत कागद सांभाळले, आणि अप्पासाहेबांनी पुस्तकं. ही चढण म्हणायची की उतरण, ते ज्याचं त्याने ठरवावं. धंदा मुख्यतः जुन्या पुस्तकांचा, जोडीला थोडी नवीही. पोरांनी वर्षभर वापरावी, वापस आणून द्यावी, पुढच्या पोरांनी न्यावी. या धंद्यात अप्पासाहेबांनी दोन गोष्टी जन्मभर पाळल्या. कागद महागला की प्रकाशक आधीच छापलेल्या पुस्तकावर वाढीव किमतीची चिठ्ठी चिकटवून पाठवायचे. बाकीचा बाजार ती चिठ्ठी बघून पैसे घ्यायचा. अप्पासाहेब ती नखाने खरवडून टाकायचे. छापली तीच किंमत. आणि दुसरं म्हणजे, कुणी पेन्सिलीने लिहिलेलं उत्तर पुस्तकात राहता कामा नये. "उत्तर लिहिलेलं पुस्तक विकणं म्हणजे उष्ट्या ताटात वाढणं," म्हणायचे. पानन् पान रबराने पुसायचे, मगच ते कपाटात जायचं. शेजारी हसायचे, "अप्पासाहेब, रबराच्या खर्चातच मरोगे!" पण मास्तर लोक पोरांना सांगायचे, जुनं घ्यायचं तर लांभात्यांकडून घ्या.

वय झालं की माणसाच्या हातातून एकेक गोष्ट निसटते. अप्पासाहेबांची आधी स्कूटर गेली. मग शिडीवर चढणं गेलं. नोटा ओळखू येईनात तेव्हा गल्ला शैलजाकडे आला, आणि डोळे आणखी अधू झाल्यावर वाचनही गेलं. त्याच सुमारास शैलजाची आई, शांताबाई, गेल्या. शैलजाचं लग्न जमलं नव्हतं, म्हणजे तिने जमू दिलं नव्हतं, त्यामुळे घरात आणि दुकानात आता बापलेक दोघंच. अप्पासाहेबांकडे उरलं ते एवढंच काम, दाराशी खुर्ची टाकून चिठ्ठ्या खरवडणं आणि उत्तरं पुसणं. "माझ्या बोटांना दिसतं," म्हणायचे. खरंच दिसायचं. आणि तेवढ्यासाठी हा माणूस रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून दुकानात यायचा. ते कामही गेलं तर पुढे काय, हा विचार शैलजा मनात येऊच द्यायची नाही.

पण पुस्तकांनीच आता रूप पालटलं होतं. नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेचं हे जाडजूड गाईडच घ्या. कागदावर नुसते प्रश्न. उत्तर कसं काढायचं ते समजावून सांगणं, शेवटचे धडे, सगळं फोनमध्ये. मागच्या कव्हरावर चांदीची पट्टी. ती खरवडायची, खालचा कोड फोनमध्ये घालायचा, की कुलूप उघडतं. पण एकदाच, आणि एकाच फोनवर. पहिल्याने वापरलं की दुसऱ्याच्या पदरात नुसते प्रश्न. जुन्या पुस्तकावर जगणाऱ्या दुकानाच्या मुळावरच घाव की हो हा! आणि यंदा तर कंपनीने ते गाईड छापायचंच बंद केलं. आता सगळं फोनवर, वर्षाची फी भरून. आणि ती फी अशी की लांभात्यांच्या दुकानालाही झेपू नये, मग इंदूरजवळच्या हातोदच्या पवारांच्या घराला कुठून झेपणार?

रुची पवार त्या घरातली. तिचे पूर्वज कधीकाळी होळकरांच्या फौजेत भाला घेऊन फिरलेले. वडील सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात मशीनवर उभे. बारावी झालेली, अंगाने किरकोळ, पण बोलायला लागली की समोरच्याला हो म्हणायला लावणारी पोर.

"सेकंड हँड चालेल ताई, पण कोडवाली पाहिजे," ती पहिल्या दिवशीच म्हणाली होती. "सगळ्या मुली म्हणून राहिल्या, कोडशिवाय ती किताब म्हणजे ताला आहे, चाबी नाही."

"आणि कोड मिळाला तर घालणार कुठे? फोन आहे?"

"आहे ना. एकच आहे. तो पप्पा सकाळी घेऊन जातात. रात्री येतात तेव्हा डेटा खतम, नाहीतर बॅटरी खतम." ती हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. "फॉर्म पण सायबर कॅफेतून भरला, ताई. एक चान्स आहे. नाही झालं तर पप्पा म्हणतात, पॅकिंगला लाग."

शैलजाने तिला नखशिखान्त न्याहाळलं. "फोन माझा घे. शनिवार-रविवार ये, त्या मागच्या स्टुलावर बस आणि वाच. इथे बसून वाचायला आमच्या अप्पांनी कधी कुणाला मनाई केली नाही. पट्टी न खरवडलेलं पुस्तक तेवढं मिळू दे."

आणि ते मिळालं. महूला फौजी अफसरांच्या बदल्या झाल्या की बंगल्यांतून पुस्तकांचे गठ्ठे निघतात. शैलजा ते आणायला स्वतः जाते. अशाच एका गठ्ठ्यात ते होतं. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात 'श्रेया' लिहिलेलं, आणि त्यापुढे पुस्तक उघडल्याची काही खूणच नाही. पट्टी जशीच्या तशी. शैलजाने गठ्ठा बसच्या टपावर टाकला आणि ते एक पुस्तक मांडीवर घेऊन इंदूरपर्यंत आली. रुचीच्या वडिलांच्या फोनवर निरोप ठेवला, मिळालं, शनिवारी या. पेपरात गुंडाळून गल्ल्याखाली ठेवलं. अप्पांना सांगितलंही, "हातोदच्या मुलीसाठी आहे, जपून ठेवलंय." नेमकं तिथेच चुकलं. हातोदच्या मुलीसाठी आहे म्हटल्यावर ते साफ केल्याशिवाय द्यायचं, हे अप्पासाहेबांच्या बोटांना पटणार कसं?

शैलजाने कंपनीला फोन लावला. एक दाबा, दोन दाबा करत एकदाची कुणी मुलगी बोलली. कोड पुसला गेला असेल तर खरेदीची पावती दाखवा, म्हणाली. पावती श्रेयाच्या घरी, आणि श्रेयाचं घर आता कुठे, आसामात की काश्मिरात, देव जाणे. मग तिने भिंग घेऊन तो पांढरा कोपरा खिडकीत तिरपा धरून पाहिला. एका अक्षराची शेपटी दिसल्यासारखी झाली. पण शेपटीवरून काय वाघ ओळखायचा?

रुचीला लगेच कळवायला हवं होतं. फोन हातात घेतला की तिच्या डोळ्यांपुढे यायचं, ही मुलगी येणार, रडणार, नाहीतर भांडणार, आणि दाराशी बसलेल्या माणसाला कळणार की आपण काय केलं. आधी दुसरं पुस्तक शोधू, मग सांगू, असं म्हणत तिने सगळा बाजार पालथा घातला. मिळालं नाही. शनिवार उजाडला.

रुची आली ती हिरव्या हरभऱ्याची जुडी घेऊन. "हातोदचा आहे आजोबा, आपल्या शेजारच्या शेतातला."

अप्पासाहेबांनी एक घाटा सोलून तोंडात टाकला. "वा! ये बाळ. शैला, दे तिला पुस्तक. अगं, मी स्वतः साफ केलं. मागे लबाडी चिकटवली होती कंपनीवाल्यांनी, सगळी खरवडून काढली. आता तुला कोणी ठगणार नाही."

रुचीने पुस्तक उलटं केलं. पांढऱ्या कोपऱ्यावरून तिचा अंगठा एकदा फिरला. तिने शैलजाकडे पाहिलं. शैलजाने मान अगदी थोडी हलवली. नको, इथे नको.

त्या पोरीचं काळीज केवढं म्हणावं! पुस्तक सुलटं करून ती हसून म्हणाली, "हो आजोबा. बरं केलं."

"पेन्सिल कमी आहे का बघ. नाहीतर इथून ने एक."

"आहे आजोबा."

ती दुकानाची पायरी उतरली तशी शैलजा मागोमाग धावली. शेजारच्या अरविंदच्या दुकानापुढे तिने तिला गाठलं. अरविंदचंही एकेकाळी पुस्तकांचंच दुकान होतं. आता तिथे मोबाईलची रंगीबेरंगी कव्हरं लटकत होती.

"रुची, थांब. ऐक तर."

"तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो."

"मग फोन का नाही केला?" तिने थैलीतून फोन काढून दाखवला. काचेला तडा गेलेला, मागे रबर लावून बांधलेला. "पप्पांनी आज फोन माझ्याकडे ठेवला, ताई. कोड ह्यातच टाकून ये, दुसऱ्याच्या फोनवर किती वाचणार, म्हणाले. दिवसभर बिना फोनचे आहेत ते. सुपरवायझर ओरडतो फोन नसला की."

"मी दुसरं शोधते. शोधूनच राहिले आहे."

"कुठून? छापूनच नाही राहिले ना ते." तिचा आवाज आता भरला. "आजोबांचं मन ठेवायचं होतं, ना? ठेवलं तुम्ही. मी पण ठेवलं. माझं कोण ठेवणार, ताई?"

शैलजा कुणाचं ऐकून घेणारी बाई नव्हे, पण पोरगी शब्दाशब्दाला खरं बोलत होती. म्हातारपणाची लाज राखली गेली होती, आणि तिची किंमत मोजली होती या एवढ्याशा पोरीने, तेही हसून.

"पुस्तक ठेवून जा हवं तर," शैलजा शेवटी म्हणाली. "आगाऊ दिलेले पैसे देते वापस."

"नको. प्रश्न तर आहेत ना." तिने पुस्तक थैलीत घातलं. "बडा गणपतीवरून मॅजिक गाडी मिळेल आता. चलते."

"शनिवारी येत जा तरी. माझ्या फोनवर दुसरं काही मिळतं का ते बघू."

"बघू," रुची म्हणाली.

मराठीत 'बघू'चा अर्थ काय होतो, तो सगळ्यांनाच ठाऊक असतो. ती पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

अप्पासाहेब मात्र विचारायचे. हरभऱ्याची जुडी संपली तरी विचारत राहिले. "ती पोर आली नाही गं? बसून वाचणार होती ना?"

"घरीच अभ्यास करून राहिली असेल."

"पुस्तक चांगलं होतं ना पण?"

"चांगलं होतं, अप्पा."

एक खोटं झाकायला रोज एक नवं. शैलजाला रात्री वाटायचं, उद्या सांगून टाकू. सकाळी ते सदऱ्याची बटणं चाचपडत लावताना दिसले की वाटायचं, आज नको.

आणि ते सांगितलं गेलं ते भलत्याच तोंडून. अरविंद दुपारी चहा घेऊन यायचा, तसा आला. गडी मनाचा वाईट नाही. पण बोलायला लागला की थांबायचं बटण नाही. शैलजा आत शिडीवर चढून वरच्या कप्प्यातले शब्दकोश लावत होती. काउंटरवर तसलंच एक गाईड पडलं होतं, दुसऱ्या कुठल्या परीक्षेचं. अरविंदने ते उचललं.

"अरे अप्पासाहेब, ह्याला हात लावू नका हां! ही चांदी घिसली ना, तो समझो किताब गई."

"का? किंमत लपवतात ना त्याखाली?"

"किंमत कुठली भिया! चाबी है उसमें. नंबर असतो. मोबाईलमध्ये टाकला की सगळे उत्तर खुलतात. आजकल असली किताब तो मोबाईल में है, हा कागद तर नुसता डब्बा आहे, डब्बा."

शिडीवर शैलजाचा हात शब्दकोशावर थबकला. खाली उतरावं, अरविंदच्या तोंडावर हात ठेवावा, असं तिला झालं.

"आणि तो नंबर पुसला गेला तर?" अप्पासाहेबांनी विचारलं.

"मग काय! रद्दी."

"अस्सं," अप्पासाहेब म्हणाले.

त्यांनी चहा संपवला. कप हलक्या हाताने खाली ठेवला. शैलजा शिडीवरून उतरून आली तेव्हा ते रस्त्याकडे तोंड करून बसले होते. आता विचारतील, आता ओरडतील, म्हणून ती वाट बघत राहिली. ते काही बोलले नाहीत. घरी जाताना रिक्षातही बोलले नाहीत. जेवताना फक्त म्हणाले, "हरभरा गोड होता तिचा."

दुसऱ्या दिवशी तिने जुन्या गणितांचा गठ्ठा त्यांच्यापुढे ठेवला. तो संध्याकाळपर्यंत तसाच होता.

"अप्पा, पुसायचं आहे ना?"

"रबर सापडत नाही."

रबर त्यांच्या गुडघ्याशी, नेहमीच्या डबीत होतं. शैलजाने ते उचलून हातात दिलं. त्यांनी घेतलं, आणि परत डबीत ठेवलं. "तूच कर. तुझी नजर चांगली आहे."

मग तो माणूस दाराशी नुसता बसायला लागला. हात मांडीवर पालथे टाकून. एक दिवस दाढी राहिली. एक दिवस, "आज दुकानात नाही येत, पाय दुखून राहिले" म्हणाला. आणि गंमत अशी की दोघांनाही सगळं माहीत. त्यांना कळलंय हे तिला कळलेलं, आणि तरी जेवणाच्या ताटावर दोघं भाजीत मीठ कमी की जास्त एवढंच बोलायची. शैलजाला बापाचा राग यायचा, स्वतःचा त्याहून जास्त, आणि सगळ्यात जास्त भीती वाटायची. खुर्ची रिकामी ठेवून दुकान उघडायची सकाळ तिने एकदा पाहिली होती. तिला ती पुन्हा बघायची नव्हती.

त्यातून तिला सुचलं ते असलं काही, की ऐकून हसावं की रडावं कळू नये. किमतीच्या चिठ्ठ्या तर आता येत नव्हत्या; नवी पुस्तकंच कुठे येत होती? म्हणून तिने पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या. त्यांच्यावर वाढीव किमती लिहिल्या. डिंकाची बाटली घेतली आणि कपाटातल्या जुन्या पुस्तकांच्या छापील किमतीवर एकेक चिठ्ठी चिकटवली. ज्या चिठ्ठ्या काढण्यात बापाने जन्मभराची अब्रू कमावली, त्या मुलगी सकाळी लवकर येऊन चिकटवत बसली. खोटा आकडा लिहिताना तिचा हात अडायचा. चोरी करत असल्यासारखी ती सारखी रस्त्याकडे बघायची.

"अप्पा, एक लॉट आलाय," तिने त्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. "बघा तरी, काय लूट मांडली आहे लोकांनी. सगळ्यांवर किमती वाढवून चिकटवल्या आहेत. मला एकटीला होणार नाही."

अप्पासाहेबांनी गालावरची वाढलेली दाढी चाचपली. मग म्हणाले, "सदरा दे."

तेव्हापासून रोज सकाळी ती चिकटवायची आणि दुपारपर्यंत ते खरवडायचे. लॉट काही संपत नव्हता. काढलेल्या चिठ्ठ्यांचा चुरा खुर्चीखाली साचायचा, आणि शैलजा तो संध्याकाळी झाडून कचऱ्याच्या गाडीत टाकायची.

उन्हाळा गेला. परीक्षा कधीच होऊन गेली होती. गणपती बसायच्या सुमारास एका सकाळी शैलजा अशीच डिंक लावत बसली असताना दाराशी कुणीतरी चप्पल काढली. तिने दचकून मान वर केली. रुची होती. गळ्यात निळ्या फितीला नवंकोरं ओळखपत्र लटकत होतं.

"निकाल लागला, ताई," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "नाही झालं. थोडक्यात गेलं."

शैलजाने हातातली चिठ्ठी खाली ठेवली.

"सोमवारपासून सांवेर रोड. पॅकिंगला. पप्पांच्याच कंपनीत." ती किंचित हसली. "पहिल्या पगारात फोन घेईन म्हणते. आता येईल फोन."

तिने थैलीतून पुस्तक काढून काउंटरवर ठेवलं. त्याला खाकी कव्हर घातलेलं होतं. "वापसी. पुढच्या वर्षी कोणी प्रश्नांसाठी मागितलं तर. पैसे नको. आणि मी सगळं पुसून आणलंय. आजोबांचा नियम ना?"

शैलजाने पुस्तक उघडलं. पानन् पान पुसलेलं होतं. तरी पेन्सिल इतकी जोर देऊन चालली होती की समासभर तिचे वळ उठले होते. उत्तर समजावून सांगायला कुणी नव्हतं म्हणून या पोरीने स्वतःच स्वतःला समजावलेलं, खाली खाली, ओळीमागून ओळी. आणि ते सगळं तिने आपल्या हाताने पुसून आणलं होतं. शैलजाच्या डोळ्यांना धार लागली. तिने ती पुसलीही नाही.

"रडू नका ना, ताई." रुची जरा गोंधळली. मग तिचं लक्ष डिंकाकडे गेलं, चिठ्ठ्यांकडे गेलं. "हे काय करून राहिल्या?"

शैलजाने सांगितलं. अरविंदचं बोलणं, रबर, पालथे हात, सगळं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होती.

"म्हणजे आजोबांना माहीत आहे?"

"माहीत आहे."

"मग तुम्ही दोघं बोलत का नाही?"

रुचीने मग मागचं स्टूल पुढे ओढलं, ज्यावर बसून ती शनिवार-रविवार वाचणार होती तेच, आणि बसली. डिंकाची बाटली आपल्याकडे घेतली. "द्या चिठ्ठ्या. तुम्ही तिरक्या लावता," म्हणाली.

दोघी चिकटवत राहिल्या. चार-सहा पुस्तकं झाली असतील नसतील, तोच बाहेर रिक्षा थांबली. आज अप्पासाहेब नेहमीपेक्षा लवकर आले होते. पायरीवर काठी टेकून त्यांनी चप्पल काढली, आणि शेजारी दुसरी चप्पल पायाला लागली तसे थांबले.

"कोण आहे?"

"मी, आजोबा. रुची. हातोदची."

अप्पासाहेब तसेच उभे राहिले. ते निकाल विचारतील असं शैलजाला वाटलं. त्यांनी विचारला नाही. आवाजावरून कळला असावा.

"बस, बाळ. बस," ते म्हणाले आणि चाचपडत खुर्चीत बसले. हात पुढे केला. नेहमीच्या जागेवरून वरचं पुस्तक उचललं, मांडीवर पालथं घातलं आणि नख चिठ्ठीच्या कडेला टेकवलं.

नख तिथेच थांबलं. मग त्यांनी बोट उचलून अंगठ्यावर घासून पाहिलं. पुन्हा टेकवलं.

"शैला," ते म्हणाले, "डिंक ओला आहे अजून."

रुचीने बाटलीचं झाकण हातातच घट्ट धरलं.

अप्पासाहेबांनी चिठ्ठीचं टोक पकडलं आणि हळूहळू, एकसंध, ती काढून घेतली. खालच्या छापील किमतीवरून बोट फिरवलं. कागद कुठेही उचलला गेला नव्हता.

"बरंच आहे," ते म्हणाले. तोंड शैलजाकडे नव्हतं, स्टुलाकडे होतं. "ओलं असतं तेव्हाच काढावं. वाळू दिलं की मग कागद फाटतो."

मग त्यांनी पुढच्या पुस्तकासाठी हात लांब केला, आणि रुचीने ते उचलून त्यांच्या हातात दिलं.